सहा तासांचे फ्रँकफर्ट

मराठी प्रवासवर्णनाला अलीकडे एक नवे उपांग फुटले आहे. मुलाकडे अमेरिकेला जाता-येताना युरोपातल्या एखाद्या विमानतळावर सहा-आठ तास काढावे लागतात. त्या तासांत बाहेरचे शहर कसे पाहून घेतले, याची हकिगत सांगणारा लेख दिवाळी अंकांत, रविवारच्या पुरवण्यांत, क्वचित महाविद्यालयांच्या वार्षिकांकांतही आता भेटतो. त्याची घडण ठरून गेली आहे. हातातली बॅग विमानतळावर ठेवायची, लोकल पकडायची, जुना चौक, चर्चचा कळस, नदीवरचा पूल, एक महागडी कॉफी, आणि तपासणीच्या रांगेत धापा टाकत परत. शेवटच्या वाक्यात त्या शहराने लेखकाच्या मनात कायमचे घर केलेले असते. आणि कुठे तरी 'सदुपयोग' हा शब्द आलेला असतो.

अशा लेखांकडे हसून दुर्लक्ष करावे असे अनेकांना वाटते. मला ते धोक्याचे वाटते. हे लेखन वाङ्मय म्हणून खोटे आहे आणि समाजाकडे पाहण्याच्या बाबतीत आंधळे आहे, आणि ही दोन्ही व्यंगे एकाच मुळातून येतात, असे माझे म्हणणे आहे. ते मूळ म्हणजे वाट पाहण्याची लाज.

आधी शब्दांकडे पाहू. प्रवासात थांबण्याला मराठीत एक शब्द नाही, पुष्कळ आहेत. थांबा गाडीचा असतो. विसावा थकलेल्याचा. तळ लष्कराचा किंवा पालखीचा. मुक्काम रात्रीचा, आणि त्यात यजमान गृहीत धरलेला असतो. खेड्यात रात्री येऊन सकाळी सुटणाऱ्या एसटीला आपण मुक्कामाची गाडी म्हणतो ते उगाच नव्हे. पण एका विमानातून उतरून दुसऱ्याची वाट पाहणे यांपैकी कशातच बसत नाही. त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: खोळंबा. त्यात प्रवाशाची इच्छा नसते, त्याच्या हाती सत्ता नसते आणि त्या जागेशी त्याचे काही नाते नसते. विमान कंपन्यांना हा शब्द परवडणारा नाही. म्हणून त्या खोळंब्याला संधीचे नाव देतात. तुर्की विमान कंपनी तर लांब खोळंब्याच्या प्रवाशांना इस्तंबूलची फुकट फेरीही घडवते. व्यापाऱ्याने व्यापार करावा, त्याविषयी तक्रार नाही. लेखकाने त्याचे शब्द उचलावेत का, एवढाच प्रश्न आहे.

आता खोटेपणाचा मुद्दा. फ्रँकफर्ट घेऊ, कारण आपल्याकडचे बरेच लोक तिथे खोळंबतात आणि विमानतळावरून शहराच्या मध्यवर्ती स्थानकात लोकलने पाऊण तासाच्या आत सहज पोचता येते. सहा तासांचा लेखक रोमरबर्ग चौकात जातो, लाकडी चौकटींची उंच घरे पाहतो आणि 'मध्ययुग डोळ्यांपुढे उभे राहिले' असे लिहितो. पुढे ग्योटेच्या जन्मघराच्या जिन्यावर हात ठेवून त्याला रोमांच उभे राहतात. वस्तुस्थिती अशी, की ते घर २२ मार्च १९४४ च्या बाँबहल्ल्यात कोसळले. ग्योटेची ती पुण्यतिथी होती. आतले सामान आधीच हलवलेले असल्याने वाचले. वास्तू मात्र युद्धानंतर पुन्हा बांधून १९५१ मध्ये उघडण्यात आली. रोमरबर्गच्या पूर्व बाजूची ती लाकडी घरे १९८० च्या दशकात जुन्या नमुन्याबरहुकूम उभी राहिली, आणि शेजारची 'जुनी पेठ' २०१८ मध्ये खुली झाली. म्हणजे आपला लेखक ज्याला मध्ययुग समजला, ते युद्धाने भाजलेल्या एका शहराने स्वतःविषयी ठरवून केलेले विधान आहे. जे गेले ते तसेच परत उभारायचे की रिकामी जागा रिकामी ठेवायची, यावर त्या शहरात अनेक वर्षे वाद झाला. साहित्याच्या विद्यार्थ्याला ग्योटेच्या जिन्यापेक्षा त्या वादात अधिक मिळण्यासारखे आहे. पण सदुपयोगाच्या घाईत वादाला जागा नसते. यादीतल्या ओळीवर खूण करून पुढे जायचे असते.

इथे कोणी म्हणेल, ही माहितीची चूक झाली. आधी वाचून गेले की भागते. नाही भागत. माहिती असलेला लेखकही घड्याळ पाहतच चौकात उभा असतो. तो फार तर १९४४ हे साल लेखात घालील. 'किती मिळाले' या प्रश्नातून पाहणे आणि 'काय आहे' या प्रश्नातून पाहणे यांतला फरक वाचनाने मिटत नाही. बाजारातून येणारा माणूस पिशवी चाचपतो, तसे हे लेखन सतत आपली पिशवी चाचपत असते.

आंधळेपणाचा मुद्दा मला याहून गंभीर वाटतो. खोळंब्यात शहर पाहा, हा सल्ला नेमका कोणासाठी आहे? भारतीय पारपत्र असलेल्या माणसाला फ्रँकफर्टच्या किंवा ॲमस्टरडॅमच्या विमानतळाबाहेर पाऊल टाकायचे तर शेंगेन व्हिसा लागतो. प्रौढांसाठी त्याचे शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे. शिवाय कागदपत्रे, बँकेचे उतारे, मुंबईची खेप. त्या विमानतळांवर बसलेल्या मराठी माणसांकडे पाहा. त्यांत एक मोठा वर्ग लेकी-सुनांच्या बाळंतपणासाठी निघालेल्या आयांचा असतो. त्यांच्याकडे अमेरिकेचा व्हिसा असतो, युरोपचा नसतो. अनेकींनी चाकांची खुर्ची मागितलेली असते, आणि त्यातल्या कित्येकींचे पाय ठणठणीत असतात. इंग्रजी येत नाही म्हणून कोणी तरी हाताला धरून पुढच्या दारापर्यंत न्यावे, एवढ्यासाठी ती खुर्ची असते. पर्समध्ये मुलाने लिहून दिलेला कागद, डब्यात दशम्या, आणि दाराचा क्रमांक बदलला तर कळणार कसे ही धास्ती. मराठी माणसाचा युरोपातला खोळंबा प्रामुख्याने हा आहे. आपल्या प्रवासवर्णनात तो जवळजवळ नाही. ज्याला बाहेर पडता येते तो बाहेरचे लिहितो; जिला पडता येत नाही तिच्या शेजारून तो लोकल पकडायला जातो.

एखाद्याला हे भावनिक वाटेल, म्हणून इतिहासातले एक उदाहरण देतो. युरोपातल्या एका थांब्यावर मराठी माणसाने टाकलेले सर्वांत प्रसिद्ध पाऊल ८ जुलै १९१० चे आहे. सावरकरांना कैदी म्हणून हिंदुस्थानात आणणारी 'मोरिया' बोट मार्सेयच्या बंदरात थांबली असता ते तिच्यातून निसटले, पोहून धक्क्यावर चढले, आणि फ्रेंच शिपायाने पकडून परत इंग्रजांच्या स्वाधीन केले. त्यांच्या राजकारणाविषयी कोणाचे काहीही मत असो, त्या काही मिनिटांनी हेगच्या लवाद न्यायालयापुढे प्रश्न उभा केला, की थांब्याच्या जमिनीवर पाऊल टाकलेल्या माणसावर हक्क कोणाचा. २४ फेब्रुवारी १९११ रोजी निकाल लागला: परत देण्यात अनियमितता झाली खरी, पण कैद्याला फ्रान्सकडे सोपवण्याचे बंधन ब्रिटनवर नाही. थांबा ही निरागस जागा नाही, हे आपल्याला तेव्हाच कळायला हवे होते. मेहरान करीमी नासेरी हा इराणी माणूस कागदपत्रांच्या घोळात पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर १९८८ पासून २००६ पर्यंत राहिला, आणि २०२२ मध्ये तिथेच वारला. अठरा वर्षांच्या त्या खोळंब्याचा कोणता सदुपयोग सांगणार?

मग खोळंब्याचे वाङ्मय होतच नाही का? होते, आणि त्याचा मराठीतला आदर्श फ्रँकफर्टहून फार जवळ आहे. पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली घराबाहेर पडले ते जग पाहायला नव्हे. घरात दारिद्र्य होते, कर्ज होते. बायजाबाई शिंदे मथुरेला यज्ञ करणार, तिथे दक्षिणा मिळेल, या आशेने ते काकांबरोबर उत्तरेला गेले आणि बंडाच्या धुमाळीत सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते झाशीत होते. लूट, आग, कत्तल, लपून काढलेले दिवस, मिळवलेले द्रव्य हातचे जाणे, हे सारे त्यांच्या वाट्याला आले. चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी ते पुढे लिहिले. 'माझा प्रवास' १९०७ साली प्रसिद्ध झाला. हा माणूस कुठेही वेळ सत्कारणी लावत नाही. तो अडकलेला आहे, घाबरलेला आहे, परक्यांच्या अन्नावर आणि दयेवर आहे, आणि म्हणूनच त्याला माणसे दिसतात: कोण दार उघडते, कोण लावून घेते, पाणी कुठे मिळते, बाजार कधी भरतो. पराधीनता ही त्याची पाहण्याची जागा आहे. सहा तासांच्या लेखकाजवळ ती जागा आयती असते. तो तीच सोडून पळतो.

वरसईपासून फार लांब नसलेल्या निडीला हे समजावून सांगावे लागत नाही. नागोठणे आणि रोहा यांच्यामधले हे लहानसे स्थानक. १९८६ साली रूळ रोह्यापर्यंत आला, १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, आणि तेव्हापासून गोव्याकडच्या आणि केरळकडच्या गाड्या निडीच्या फलाटावरून धूळ उडवत जातात. थांबते ती दिवा-रोह्याची साधी गाडी, आणि तिलाही मोठ्या गाडीसाठी वाट सोडून उभे राहावे लागते. त्या उभ्या राहण्यात डब्यात काय चालते? निवडायची भाजी निवडली जाते, लग्ने जुळतात, जमिनीचे भाव निघतात, कोणाचा मुलगा आखातातून परतला ते कळते. याला कोणी सदुपयोग म्हणत नाही. याला दिवस म्हणतात. ज्यांच्या गाड्या नेहमीच बाजूला काढल्या जातात, त्यांना वाट पाहणे हा आयुष्यातून वजा झालेला वेळ वाटत नाही.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप रास्त आहे. ज्या कारकुनाला, शिक्षिकेला आयुष्यात एकदाच युरोपची हवा लागणार, तिने चार तास बाहेर जाऊन नदी पाहिली तर समीक्षकाच्या पोटात का दुखावे? मुळीच दुखू नये. तिने जरूर जावे, नदी पाहावी, कॉफी प्यावी. आनंदाला कोणाच्या परवान्याची गरज नाही. लांब राहिले की खरे लिहिता येते, असेही मी म्हणत नाही. वर्षभर राहून काहीच न पाहिलेली पुस्तके आपल्याकडे आहेत. माझा वाद जाण्याशी नाही, लिहिण्याशी आहे. सहा तासांचे लेखन सहा तासांचेच असावे. त्यातली घाई, रांग, व्हिसाच्या शिक्क्याकडे पाहणारा अधिकारी, आपण बाहेर पडताना खुर्चीत बसून राहिलेली बाई, हे त्यात यावे. 'शहराने मनात घर केले' हे वाक्य मात्र येऊ नये, कारण शहराने लेखकाकडे पाहिलेलेही नसते.

प्रवासवर्णन शिकवणाऱ्यांना म्हणून एक सुचवावेसे वाटते. विद्यार्थ्यांना 'मी पाहिलेले रम्य स्थळ' हा विषय देणे आता थांबवावे. त्यांना खोळंब्यावर लिहायला सांगावे: चुकलेली एसटी, तहसील कचेरीतला बाक, रक्ततपासणीची रांग. यादी करायला तिथे काही नसते, त्यामुळे पाहावेच लागते. ते ज्याला साधले तो पुढे फ्रँकफर्टलाही लिहील, आणि विमानतळाच्या बाहेर न पडता लिहील.