पॉप्युलर म्हणजे नक्की कोणाचं?

दोन वर्षांपूर्वी कंटाळून मी एक छोटीशी स्क्रिप्ट लिहिली होती, रोजचे लॉग तपासणारी. परवा मीटिंगमध्ये दुसऱ्या टीमचा एकजण म्हणाला, "हे टूल आमच्याकडे जाम पॉप्युलर आहे." उघडून बघतो तर माझीच स्क्रिप्ट! फक्त वरची माझ्या नावाची ओळ गायब. डोकंच फिरलं राव.

शनिवारी सकाळी बाईक काढली आणि थेट देहू गाठलं. घाटावर बसून मोबाईलवर त्या शब्दाचं मूळ शोधलं. लॅटिनमध्ये 'पोपुलुस' म्हणजे लोक आणि 'पोपुलारिस' म्हणजे लोकांचं. पंधराव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा अर्थ होता 'सार्वजनिक, सगळ्यांना खुलं'. 'लोकांना आवडणारं' हा अर्थ रुळला १६०० च्या आसपास. म्हणजे आपण ज्याला लोकप्रिय म्हणतो ते नंतरचं. आधीचं, नुसतं लोकांचं.

आणि समोर इंद्रायणी! तुकोबांच्या वह्या याच नदीत बुडाल्या. तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या, ही श्रद्धा. माझ्या इंजिनिअरी डोक्याला मात्र वाटतं, खरा बॅकअप लोकांकडे होता. शंकर पांडुरंग पंडितांची गाथा १८६९ ते १८७३ या काळात छापली गेली, तीसुद्धा देहू, तळेगाव, पंढरपूर अशा ठिकाणी जपलेल्या हस्तलिखितांवरून.

आता तुम्ही म्हणाल, तुकोबांचं नाव तर प्रत्येक अभंगात आहे, तुझं कुठंय? बरोबर. पण गंमत बघा. अभ्यासक सांगतात की गाथेतले काही अभंग नंतर दुसऱ्यांनी रचलेले आहेत. त्या लोकांनी स्वतःचं नाव गाळून तुकोबांचं घातलं! माझ्या बाबतीत झालं त्याच्या बरोब्बर उलटं. आणि हे काही मागून मिळत नाही.

माझं मत विचाराल तर, लाईक आणि व्ह्यूज मोजून फक्त 'आवडलं' एवढंच कळतं. लोकांनी एखादी गोष्ट आपली मानून वापरली, बदलली, पुढे दिली, तर ती खरी पॉप्युलर.

तरी कोणाचं नाव पुसणं चूकच. सोमवारी त्या टीमला सांगून माझी ओळ परत टाकणार आहे. आणि त्याखाली, त्यांनी ज्या चार सुधारणा केल्यात ना, त्या करणाऱ्यांची नावंही.

असो. चहा गार झाला.