नाव तेच, माणूस वेगळा

आपल्याकडे माणसाचं नावच मुळी एक नोंद असते. 'मारोती ग्यानोबा' म्हटलं की मुलगा कोण आणि बाप कोण, दोन्ही कळतं. अशा नोंदी एकाखाली एक जोडत गेलं की झाली वंशावळ.

आमच्या परभणीत या वंशावळीला सध्या फार भाव आलाय. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात. २०२३ साली न्या. संदीप शिंदे समिती जुन्या कुणबी नोंदी शोधू लागली, २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटियरचा शासन निर्णय निघाला. पण खापरपणजोबाची नोंद सापडली म्हणजे अर्धंच काम झालं. तिथून आजच्या पोरापर्यंत एकेक कडी जुळवून दाखवावी लागते. एक कडी तुटली की पोराचा दाखला अडलाच म्हणून समजा.

संगणकाला हे काम जड नाही. साध्या जॉइनने एक पिढी वर चढता येतं. पण पिढ्या किती हे आधी ठाऊक नसेल, तर जॉइन लिहायचे तरी किती? त्यासाठी रिकर्सिव्ह क्वेरी. आधी मुलाची ओळ घ्यायची, मग 'मिळाली त्या ओळीचा बाप शोध' हेच पुन्हा पुन्हा, नवी ओळ मिळेनाशी होईपर्यंत. एसक्यूएलच्या १९९९ च्या प्रमाणात ही सोय आली; मायएसक्यूएलमध्ये यायला २०१८ उजाडलं.

गंमत पुढे आहे. आपण नातवाला आजोबाचं नाव ठेवतो. मारोतीचा बाप ग्यानोबा, ग्यानोबाचा बाप पुन्हा मारोती! नावावरून शोधलं तर क्वेरी गोल गोल फिरत बसेल. म्हणून माझं म्हणणं, प्रत्येक माणसाला स्वतंत्र क्रमांक हवा, आणि प्रत्येक कडीपुढे तिचा पुरावा हवा. एकदा तपासलेली कडी चुलतभावाने परत का सिद्ध करावी? वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाची वैधता पुरावा म्हणून धरतातच की. मात्र बटण दाबलं की दाखला, हे नको. वरची एक कडी खोटी निघाली तर खालचं अख्खं झाड खोटं ठरतं. कडी माणसानेच तपासावी.

आणि मुलींचं काय? जात बापाकडून धरतात, म्हणून वंशावळीत लेकी गाळायची सवय. उद्या हीच वंशावळ शेताच्या वारसासाठी वापरली तर २००५ च्या कायद्याने समान वाटा मिळालेली बहीण क्वेरीला सापडणारच नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव सक्तीचं झालंय. मग वंशावळीतही आईचा रकाना हवा, आणि लेकींच्या ओळी आजपासून लिहायला घ्याव्यात. तुमच्या घरच्या वंशावळीत आत्याचं नाव आहे का, बघा एकदा.