ओली फरशी आणि मादी पिल्लू

मादी पिल्लू घरात आलं, की "ही घरभर ओलं करते" ही तक्रार लवकरच ऐकू येते. आमच्या गल्लीत तीन महिन्यांचं एक पिल्लू याच कारणावरून बाहेर सोडायचं ठरलं होतं. मी म्हटलं, आधी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. लघवी तपासली, मूत्राशयाला संसर्ग निघाला. औषध सुरू झालं, पिल्लू घरातच राहिलं.

मादीचा मूत्रमार्ग आखूड असतो. जंतू चटकन वर चढतात. लहान पिल्लू ओलं करणारच. पण दर थोड्या वेळाने थेंब थेंब लघवी, कुंथणं, सारखं चाटणं, उग्र वास किंवा रक्त दिसलं, तर त्याला मारू नका, लघवी तपासून घ्या. अँटिबायोटिक डॉक्टर सांगतील तितके दिवस पूर्ण द्या.

पिल्लू खेळतंय, खातंय आणि नुसता पांढरट चिकट स्राव येतोय, तर तो बहुधा योनिमार्गाचा दाह असतो. पहिल्या माजानंतर तो बऱ्याचदा आपोआप थांबतो. तरी एकदा दाखवावं.

आणि घरातली आयबुप्रोफेनची गोळी मात्र चुकूनही देऊ नका. कुत्र्यांना ती विषासारखी बाधते.