सातला दुकान बंद, स्टुडिओ मात्र चालू

गावातल्या किराणा दुकानदाराचा दहा वर्षांचा मुलगा शाळा सुटल्यावर बापाला हातभार लावायला गल्ल्याजवळ बसला, तर कायद्याची हरकत नाही. पण संध्याकाळचे सात वाजले की त्यानं उठायला हवं आणि सकाळी आठच्या आत त्याला कामाला लावता येत नाही. बालमजुरी कायद्यात 2016 साली दुरुस्ती झाली, 2017 मध्ये नवे नियम आले, त्यांत हे लिहिलेलं आहे.

त्याच नियमांत पुढं टीव्ही आणि सिनेमात काम करणाऱ्या मुलांसाठी वेगळ्या अटी आहेत. दिवसाला पाच तासांहून जास्त काम नको. विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नको. ओळीनं 27 दिवसांपेक्षा जास्त नको. जास्तीत जास्त पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती हवी. कमाईतला किमान 20 टक्के वाटा राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत हवा. निर्मात्यानं जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायला हवी, आईबापांची संमती हवी. चांगल्या अटी आहेत. पण बापाच्या दुकानासाठी लिहिलेली सात ते आठची रेघ यांत नाही. पाच तास मोजले आहेत, ते दिवसाचे की मध्यरात्रीचे, हे निर्मात्यावर सोडलं आहे.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. जवाहरनगरसारख्या ठिकाणी रात्रपाळी कुणाला समजावून सांगावी लागत नाही. आयुध निर्माणीच्या आधारानं वाढलेली ही वस्ती. पाळी करून आलेल्या माणसाला घरात कुणी हाक मारत नाही, पोरांना अंगणात खेळायला पिटाळतात, कुकरची शिट्टीसुद्धा उशिरा होते. कारखान्यातला माणूस रात्री जागला तर त्याची पाळी धरली जाते, तिचा पगार असतो. मुलाला घेऊन मुंबईला शूटिंगला गेलेली आई रात्रभर जागते, तिची पाळी कुठल्या रजिस्टरमध्ये धरली जाते?

माझ्या माहितीतलं एक कुटुंब सांगते. वाहिनीचं नाव घेत नाही आणि कुटुंबाचंही नाही. मुलगी अकरा वर्षांची, आवाज गोड. आई ब्लाऊज शिवते, वडील रोजीवर. नागपूरला ऑडिशन झाली, पुढच्या फेरीसाठी मुंबईचं बोलावणं आलं. मायलेकी दुपारी वरठीहून, म्हणजे भंडारा रोड स्टेशनवरून, विदर्भ एक्सप्रेसनं निघाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबई. अकरा वाजता हजर राहायला सांगितलं होतं, मुलीचं गाणं झालं रात्री साडेबाराला. सगळं आटोपायला अडीच वाजले. मधे आईचा डोळा लागला, तर एक पोरगा धावत आला, “मॅडम, झोपू नका, तुम्ही फ्रेममध्ये आहात.” मुलगी गाताना आईच्या डोळ्यांत पाणी हवं होतं. ते आलंही. त्यातलं कौतुकाचं किती आणि दोन रात्रींच्या जागरणाचं किती, हे त्या माऊलीलाच सांगता येत नाही. मध्यरात्र उलटल्यावर तिच्यासमोर चार-पाच पानांचा इंग्रजी कागद आला. तिनं सही केली. “बाजी, त्या वेळेला कुणी घर लिहून मागितलं असतं तरी सही केली असती,” असं ती मला म्हणाली.

माझा वाद इथं आहे. मुलांच्या सुरक्षिततेची गोष्ट निघाली की उत्तर तयार असतं, “आईवडील सोबत असतात ना!” आईवडिलांची हजेरी हीच ढाल. पण ज्या पालकाला तुम्ही वीस-बावीस तास जागं ठेवलं, तो राखणदार राहतो का? डॉसन आणि रीड या संशोधकांनी 1997 मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं की सलग 17 तास जागा असलेल्या माणसाचं हाताडोळ्यांचं काम रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकं ढासळतं. आपल्या देशात गाडी चालवणाऱ्यासाठी ही मर्यादा 0.03 टक्के आहे. म्हणजे ज्या अवस्थेतल्या माणसाच्या हाती आपण स्कूटरची किल्ली देणार नाही, त्या अवस्थेतल्या माणसाच्या हाती आपण लेकरू देतो आणि त्याच्याकडून करारावर सहीही घेतो. संमती जाग्या माणसाची असते. जागरणानं बधिर झालेल्या माणसाची फक्त सही असते.

आता मुलाचं पाहा. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाच्या चोवीस तासांत नऊ ते बारा तास झोप लागते, असं झोपेचे डॉक्टर सांगतात. शूटिंगहून परतलेलं मूल सोमवारी पहिल्या तासाला बाकावर डोकं टेकतं. त्याला उठवायचं की झोपू द्यायचं, हा प्रश्न वाहिनीपुढं येत नाही, माझ्यापुढं येतो.

या गोष्टी रात्रीच का होतात, हेही कळून घ्या. सेट, दिवे, कॅमेरे भाड्याचे. परीक्षकांच्या तारखा मोजक्या. म्हणून एका दिवसात दोन-तीन भाग उरकायचे. एका ठिकाणी उशीर झाला की तो पुढं सरकत जातो आणि शेवटी ज्याला ‘मला जायचंय’ म्हणता येत नाही त्याच्या अंगावर पडतो. परीक्षकाला म्हणता येतं, कारण त्याचे तास करारात असतात. भंडाऱ्याहून आलेल्या आईला म्हणता येत नाही.

“कुणी जबरदस्ती केली? नका जाऊ,” असं काही जण म्हणतील. भंडाऱ्यात बसून बोलायला हे सोपं आहे. इथं मुलीच्या गळ्याला दुसरा रस्ता कुठला आहे, ते सांगा. आणि आपल्या समाजातल्या घराचं आणखी एक आहे. आपल्या पोरीचं नाव मराठी वाहिनीवर झळकावं, तिनं शुद्ध मराठीत अभंग म्हणावा आणि साऱ्या महाराष्ट्रानं टाळ्या वाजवाव्यात, ही ओढ मला समजते. त्या दोन मिनिटांसाठी आईबाप महिनाभर जागतील. त्यांची ही ओढ ठाऊक असल्यामुळंच त्यांना फुकट जागवता येतं.

दुसरं उदाहरण ‘सा रे ग म प लिटिल चॅम्प्स’चं देतात. 2008-09 मधल्या त्या पर्वानं घराघरांत पोहोचलेली पाच मुलं 2021 च्या पर्वात परीक्षणाला बसली. त्यांचं कौतुक मलाही आहे. पण पाच जण पोहोचले म्हणून वाट सुरक्षित ठरत नाही. पहिल्या-दुसऱ्या फेरीतून परतलेल्या मुलांची नावं कुणाला आठवतात? जागरण तर त्यांच्याही वाट्याला येतं.

तिसरा आक्षेप आपल्या झाडीपट्टीतला, आणि तो मला सगळ्यांत आवडतो. “सर्वांत मोठं रात्रीचं नाटक तर इथंच होतं! मंडईत दंडार रंगते, दिवसा शंकरपट झाला की रात्रभर नाटक चालतं, आम्ही लहानपणी ते पाहतच वाढलो.” खरं आहे. पण आठवून पाहा, तुम्ही नाटक किती पाहिलं आणि आईच्या मांडीवर चादर ओढून झोपलात किती? मांडवात लेकरू झोपलं तर शेजारचा माणूस पाय आखडून त्याला जागा करून देतो. स्टुडिओत त्याच्या आईलासुद्धा डुलकीची मुभा नाही. जागायचं की झोपायचं हे स्वतः ठरवता येणं, एवढाच तर फरक आहे.

आणि आपले काही बांधव म्हणतील, “गाणं-बजावणंच नको, विषय संपला.” त्यांना माझी विनंती आहे की विषय इतक्या लवकर संपवू नका. आपले जलसे, कव्वालीचे मुकाबले, लग्नाच्या दावती मध्यरात्र ओलांडतात, तेव्हा कोपऱ्यात पेंगणारी पोरं कुणाची असतात? इशानंतर विनाकारण जागत बसू नये, ही शिकवण आपल्या घरात आहे. ती फज्रला उठता यावं म्हणून आहे, तशी अंगालाही हक्क असतो म्हणून आहे. टीव्हीवाल्यांना बोल लावायचा तर हा हक्क आपल्या मांडवातही मानावा लागेल.

माझ्या मागण्या थोड्या आहेत. दुकानाला जी सात ते आठची रेघ आहे, तीच चौदा वर्षांखालच्या बालकलाकारांना लावा. मुलासोबत येणाऱ्या पालकाला झोपायला खाट द्या, बुडालेली रोजी द्या, रात्री काम संपलं तर सकाळपर्यंत राहण्याची सोय करा. संमतीचा कागद पालकाला वाचता येईल अशा भाषेत द्या आणि सही दिवसाउजेडी घ्या. जिल्हाधिकाऱ्यांनी परवानगी देताना शूटिंगच्या वेळा लिहून घ्याव्यात.

कायदा बदलेपर्यंत आपल्या हातात काय आहे? बोलावणं आलं की तिकीट काढण्याआधी वेळ लेखी मागा. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीची प्रत मागा. रात्री पुढं आलेला कागद पिशवीत ठेवा आणि म्हणा, “सकाळी वाचून देते.” शिक्षक बंधू-भगिनींनो, रजेचा अर्ज आला तर गाण्याला नाही म्हणू नका, पण शूटिंग किती वाजता संपणार हे विचारल्याशिवाय अर्जावर शेरा मारू नका.

मुलीला गाऊ द्या. तिचं गाणं संध्याकाळी सातच्या आत ऐकलं तरी तितकंच गोड लागेल.