53 ज्वालामुखींवर वसलेलं ऑकलंड : पुढचा उद्रेक कधी, हे जुनी राख सांगू शकते का?

ऑकलंड हे न्यूझीलंडमधलं सर्वात मोठं शहर. लोकसंख्या 15 लाखांहून जास्त, त्यात मराठी कुटुंबंही आहेत. इथल्या ज्या टेकड्यांवर लोक सकाळी फिरायला जातात, त्यातल्या अनेक टेकड्या म्हणजे ज्वालामुखी आहेत. शहराच्या परिसरात असे सुमारे 53 ज्वालामुखी आहेत आणि शास्त्रज्ञ हे क्षेत्र अजूनही जिवंत मानतात.

टेकड्यांवर नजर ठेवली की झालं?

नाही. इथला एक ज्वालामुखी साधारणपणे एकदाच पेटतो. पुढच्या वेळी लाव्हा नवीन जागेतून बाहेर येतो. ती जागा एखादी गल्ली असू शकते किंवा बंदराचं पाणीही. म्हणून एका डोंगराचा नाही, तर संपूर्ण क्षेत्राचा इतिहास तपासावा लागतो.

उद्रेकाचं वय कसं काढतात?

लाव्हाखाली जळालेलं लाकूड सापडलं तर कार्बन डेटिंग करता येतं. पण ही पद्धत साधारण 50 हजार वर्षांपर्यंतच चालते. त्याआधीच्या खडकांसाठी आर्गॉन वायूचं मोजमाप करतात.

तिसरा पुरावा जुन्या विवरांमधल्या गाळात मिळतो. तिथे राखेचे थर एकावर एक साचले आहेत. टाउपो ज्वालामुखीचा महाउद्रेक सुमारे 25,500 वर्षांपूर्वी झाला. त्याच्या थराखाली असलेली ऑकलंडची राख त्याहून जुनी, वरची नवी.

मग सरासरी काढून अंदाज बांधता येतो का?

इथेच गडबड होते. पहिला उद्रेक सुमारे 1 लाख 90 हजार वर्षांपूर्वीचा. भागाकार केला तर सरासरी साडेतीन हजार वर्षांनी एक उद्रेक येतो. प्रत्यक्षात मात्र सुमारे 30 हजार वर्षांपूर्वी थोड्या काळात अनेक ज्वालामुखी पेटले. माउंट वेलिंग्टन सुमारे 10 हजार वर्षांपूर्वी पेटला आणि रांगीटोटो बेट साधारण 600 वर्षांपूर्वी घडलं. म्हणजे मधे हजारो वर्षांची शांतता. रांगीटोटोचा उद्रेक तर माओरी लोकांनी पाहिला. शेजारच्या मोटुटापू बेटावर राखेत माणसांच्या आणि कुत्र्यांच्या पाऊलखुणा सापडल्या आहेत.

त्यामुळे 'आता तीन हजार वर्षं निवांत' म्हणणं चूक आणि 'आता कधीही फुटणार' अशी भीती पसरवणंही चूक.

मग या तारखांचा उपयोग काय?

2008 पासून 'डेव्होरा' या संशोधन प्रकल्पात हेच काम सुरू आहे. उद्रेकांची वयं, जागा आणि प्रकार एकत्र मांडले की धोक्याची शक्यता मोजता येते. पाण्याजवळ उद्रेक झाला तर स्फोट जास्त भयंकर होतो, हेही त्यातून नकाशावर येतं.

नेमकी वेळ मात्र भूकंपमापक यंत्रंच सांगतील, तीही कदाचित काही दिवसच आधी. एवढ्या कमी वेळात लाखो लोकांना कोणत्या रस्त्यांनी बाहेर काढायचं, हे आधीच ठरलेलं असावं लागतं. जुन्या राखेचा खरा उपयोग त्या तयारीसाठी आहे.