दोष आईच्या पदरात टाकू नका

अगदी आखूड हातापायांचं, मोठ्या डोक्याचं बाळ जन्मतं आणि श्वास न पुरून काही तासांत जातं. मग घरात बोललं जातं: पोरीनं ग्रहण पाळलं नाही, दोघांच्या रक्तातच खोट आहे, चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसच्या खाणींच्या धुळीनं घात केला. हे तिन्ही समज खोडून काढायलाच हवेत.

अशा बाळांपैकी अनेकांना थॅनॅटोफोरिक डिसप्लेसिया असतो. साधारण 20 ते 50 हजार जन्मांत एखादा. एफजीएफआर-3 या जनुकात बदल होतो आणि हाडांची वाढ गर्भातच खुंटते. हा बदल गर्भ राहतानाच झालेला असतो. महिना चुकण्याआधी घडलेल्या गोष्टीचं खापर पाचव्या महिन्यातल्या ग्रहणात चालवलेल्या विळीवर कसं फोडणार?

रक्ताची शंका आपल्याकडे सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारामुळे येते. तिथे आईबाप दोघंही वाहक असतात. इथे मात्र दोघं निरोगी असतात; बदल नव्यानं, बहुधा पित्याच्या बीजात होतो. वाढत्या वयात त्याची शक्यता वाढते, पण त्यात पित्याचाही अपराध नाही. हाच विकार पुन्हा होण्याचा धोका अगदी नगण्य. त्यावरून सून माहेरी धाडणं हा उघड अन्याय आहे.

धुळीविरुद्ध जरूर लढा. ती फुप्फुसं खाते. पण या विकाराचं कारण ती असल्याचा पुरावा नाही. तो नसताना बोट दाखवलं, तर खरी तक्रारही कच्ची पडते.

कुणी विचारेल, बाळ वाचणारच नाही, तर तपासून उपयोग काय? उपयोग मोठा आहे. 18 ते 20 आठवड्यांच्या सोनोग्राफीत मांडीचं हाड आखूड, बरेचदा जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरसारखं वाकलेलं दिसतं. छाती इतकी अरुंद की फुप्फुसांना फुगायला जागाच नसते. हे वेळेवर कळलं तर निर्णय जोडप्याच्या हाती राहतो. 2021 च्या सुधारित कायद्यानं अशा गंभीर व्यंगात 20 ते 24 आठवड्यांत दोन डॉक्टरांच्या मतानं आणि त्यापुढे वैद्यकीय मंडळाच्या परवानगीनं गर्भपात करता येतो. गर्भ ठेवायचा असेल, तर प्रसूतीची तयारी आधीच करता येते.

बाळ गेल्यावरही काम संपत नाही. त्याचा पूर्ण अंगाचा एक्स-रे आणि जनुकीय तपासणी व्हायला हवी. दिसायला असेच, पण आईबाप दोघांकडून येणारे काही विकार आहेत. त्यांत पुढच्या प्रत्येक खेपेला धोका चारांत एक असतो. निदानाशिवाय धीर देणंही अंदाजच, भीती घालणंही अंदाजच.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. पाचव्या महिन्यातली नीट सोनोग्राफी घुग्घुसच्या कामगारवस्तीपासून जिवतीच्या पाड्यापर्यंत प्रत्येक पोटुशीला मिळावी. जनुकीय सल्ला चंद्रपुरातच, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात, फुकट मिळावा. आणि अशा बाळाच्या आईला घरी पाठवताना तिच्या हाती लेखी निदान द्यावं. ते मागण्याचा तिला हक्क आहे. तिच्यावर ठपका ठेवण्याचा हक्क कुणालाही नाही.