गर्डर उचलण्याआधी

रेल्वेवरचा पूल रखडला की पालिका रेल्वेकडे बोट दाखवते, रेल्वे पालिकेकडे, आणि दोघे मिळून ठेकेदाराकडे. ठेकेदार मग रिगरला आणि वेल्डरला धरतो, कारण त्याच्याखाली दुसरे कोणी उरलेले नसते. हा खेळ आम्ही बरीच वर्षे पाहत आलो आहोत.

अंधेरीच्या गोखले पुलाचेच घ्या. 3 जुलै 2018 रोजी त्याचा पादचारी भाग रुळांवर कोसळला. नोव्हेंबर 2022 मध्ये पूल वाहतुकीला बंद झाला. नवे पोलादी गर्डर अंबाल्याला तयार झाले, सुटे भाग मुंबईला आणून जागेवर जोडले गेले आणि ब्लॉक घेऊन रुळांवर चढवले गेले. फेब्रुवारी 2024 मध्ये एक बाजू खुली झाली, तेव्हा शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल दीड-दोन मीटर खाली राहिलेला साऱ्या मुंबईने पाहिला! मग जॅक लावून तो उचलावा लागला. पूर्ण पूल सुरू व्हायला मे 2025 उजाडला. उंचीचा हा घोळ नकाशावरचा होता, वेल्डरच्या हाताचा नव्हे.

टपाल खात्यातील बंधूंसाठी हे काम थोडे उलगडून सांगतो. कारखान्यात प्लेट शॉप ड्रॉइंगप्रमाणे कापतात, भोके पाडतात, वेल्डिंग करतात. मग गर्डर तिथेच एकदा जोडून पाहतात, प्रत्येक तुकड्यावर जुळणीचे नंबर घालतात आणि पुन्हा सुटा करतात. तुकडे जागेवर पोचायला हवेत ते जोडणीच्या क्रमाने. आरएमएसच्या डब्यात पुढच्याच स्टेशनची बॅग तळाशी गेली तर काय होते, ते सॉर्टरला विचारा. इथे बॅगेच्या जागी कित्येक टनांचा तुकडा असतो, क्रेन भाड्याने उभी असते आणि ब्लॉक मिळालेला असतो मोजक्या तासांचा.

ड्रॉइंगची मंजुरी उशिरा, प्लेट उशिरा, तपासणी उशिरा. पण ब्लॉकची तारीख ठरली की ठरली. वरच्या सर्वांचा उशीर शेवटी त्या रात्री गर्डरखाली उभ्या असलेल्या माणसांच्या अंगावर येतो. बोल्ट घट्ट आहेत का, जॅकखालचे पॅकिंग नीट बसले का, ओव्हरहेड तारेची वीज बंद झाल्याचा कागद हाती आला का, हे पाहण्याचा वेळ त्यांच्याच वाट्यातून कापला जातो. आमचे ट्रॅकमन बंधूही तिथेच असतात.

घाई न करता गर्डर तपासले, तरी धोका संपत नाही. 23 ऑगस्ट 2023 रोजी मिझोराममध्ये बैराबी-सैरांग मार्गावर, कुरुंगच्या पुलाच्या कामात गॅन्ट्रीच कोसळली. वीसहून अधिक कामगार ठार झाले, बहुतेक बंगालच्या मालदा जिल्ह्यातले. 13 सप्टेंबर 2025 रोजी त्या मार्गाचे थाटात उद्घाटन झाले. गर्डर उचलणारे पोलादही तितकेच काटेकोर तपासायला हवे, पण ‘तात्पुरते’ म्हटले की त्याकडे काणाडोळा होतो.

कायदा तरी काय सांगतो? 1996 च्या बांधकाम कामगार कायद्यात 500 कामगार असतील तरच सुरक्षा अधिकारी सक्तीचा होता. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या संहितेत हा आकडा 250 आहे. गर्डर चढवणाऱ्या टोळीत इतकी माणसे असतात कुठे?

मनमाडच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये इंग्रजी अमदानीपासून पुलांचे गर्डर होत आले आहेत. तिथे नकाशाबद्दल शंका आली तर विचारायचे कोणाला, हे ठाऊक असते. ठेक्यात ड्रॉइंग एकाचे, पोलाद दुसऱ्याचे, क्रेन तिसऱ्याची आणि माणसे चौथ्याची. सगळेच काम खात्यात करा असा आमचा हट्ट नाही; चिनाबची कमान मनमाडला झाली नसती, हे उघड आहे. पण ड्रॉइंगपासून शेवटच्या बोल्टपर्यंत जबाबदार असा एक अधिकारी, नावानिशी, प्रत्येक पुलावर हवाच. टोळीच्या मुकादमाला काम थांबवण्याचा लेखी अधिकार हवा, आणि ब्लॉक वाया गेला म्हणून त्याच्या मजुरीतून एक पैसाही कापला जाता कामा नये. शाखांनी हे मुद्दे येत्या पीएनएम बैठकीच्या विषयपत्रिकेवर घालावेत, आणि आपल्या हद्दीत कोणत्या पुलाचे गर्डर कोठे तयार होत आहेत याची यादी सोबत जोडावी.